खांदा जखडलाय? इथे जा, आणि हसायची तयारी ठेवा

गंगापूर रोडवरून आतल्या कॉलनीत वळलं की एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हे फिजिओथेरपी केंद्र आहे. मी एसटीत वाहक आहे, नाशिक विभागात. उजवा खांदा जखडला म्हणून इथे यायला लागले आणि आता पुन्हा ड्युटीवर आहे. अभिप्राय जरा लांबणार आहे. 'सेवा उत्तम, स्टाफ नम्र' एवढ्यावर भागणार नाही, कारण या जागेबद्दल लोक ज्या गोष्टीची कुरकुर करतात तीच मला इथली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली.

कुरकुर अशी, की इथल्या मॅडम फार हसवतात. बाहेरच्या बाकावर बसलेले एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टवाळा आवडे विनोद. इथे उपचार कमी आणि खिदळणंच जास्त." समर्थांनी आपल्या टाकळीला बारा वर्षं तप केलं, त्यामुळे आपल्याकडे ही ओळ पटकन तोंडात येते. काकांची कंबर धरलेली होती, नंबर लांब होता, त्यांचा राग मला समजू शकतो. पण मुद्दा माझ्या डोक्यात राहिला. कामाच्या जागी विनोद आला की काम ढिलं पडतं, असं खरंच आहे का? माझी नोकरीची सगळी वर्षं गाडीभर गर्दीत गेली आहेत. याबद्दल माझं मत आधीच ठाम होतं, खांद्याने ते आणखी पक्कं केलं.

आधी दुखणं काय ते सांगते. फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं, ते जाड होतं, आकसतं, आणि हात हळूहळू जागच्या जागी अडकतो. साधारण चाळीस ते साठ या वयात होतं, बायकांना जास्त, आणि शुगर असणाऱ्यांना तर बरंच जास्त. मला शुगर आहे. मॅडमनी पहिल्या दिवशी खांद्याला हात लावायच्या आधी शुगरचे रिपोर्ट मागितले. मग समजावून सांगितलं, की हे दुखणं तीन टप्प्यांत जातं. आधी नुसतं दुखतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग दुखणं कमी होतं पण हात अडकतो. मग तो सुटायला लागतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. आठ दिवसांत बरं करून देते असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्यांना वाटतं की हसवणारी व्यक्ती गंभीर नसते, त्यांनी हा पहिला अर्धा तास बघायला हवा होता.

माझं काम हाताचं. चालत्या गाडीत एका हाताने वरचा दांडा धरायचा, दुसऱ्याने मशीन सांभाळायचं, पैसे घ्यायचे, बेलची दोरी ओढायची. दोरीपर्यंतच हात जाईना. घरी वेणी घालता येईना, मागचे हूक लावता येईनात. आजारपणाची रजा टाकली आणि उपचार शोधायला लागले.

इथे येण्याआधी मी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. नाव लिहीत नाही. तिथले गृहस्थही विनोदीच होते, म्हणून हे सांगणं भाग आहे. टेबलावर झोपवलं, काहीतरी गमतीचं बोलले, मी हसले, आणि हसता हसता त्यांनी हात झटकन वर खेचला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर म्हणाले, "ताई, या वयात हात वर करून टाटा कुणाला करायचाय?" खोलीतले सगळे हसले. मी पण हसले, कारण चारचौघांत माणूस हसतोच. पण त्यानंतर तिथे कुणी गमतीचं बोलायला लागलं की माझा खांदा आपोआप आवळायचा. मनाने नाही, खांद्याने ओळखलं होतं की आता फसवणूक येणार. मी जायचं बंद केलं.

म्हणून इथल्या मॅडमनी पहिल्यांदा चेष्टा केली तेव्हा मी अंग चोरलं. त्या हाताचा कोन मोजत होत्या, दोन पट्ट्यांचं एक साधन असतं त्याने. कुठे काम करता, विचारलं. एसटीत म्हटल्यावर पट्टी तशीच धरून म्हणाल्या, "म्हणजे आयुष्यभर लोकांना पुढे सरका म्हणालात. आणि आता हा खांदा म्हणतोय, जागाच नाही." मला हसू आलं, पण हात मी घट्टच धरून ठेवला होता. ते त्यांच्या लक्षात आलं. पट्टी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आपण असं करू. गाडी तुमची. मी फक्त ड्रायव्हर. तुम्ही दोन बेल दिल्यात की मी हात हलवणार. एक बेल दिलीत की असेल तिथे थांबणार. स्टॉप असो नसो."

एसटीत बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. वाहकाने दोन बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आता मी टेबलावर आडवी, कोपर त्यांच्या हातात, आणि मी तोंडाने "टिंग टिंग" म्हणतेय. हात इंचाने सरकला. आणखी इंचभर. दुखलं. "टिंग." हात तिथेच थांबला, पुढेही नाही आणि मागेही नाही. पुन्हा "टिंग टिंग". पलीकडच्या टेबलावरचा मुलगा हसत होता, मी पण हसत होते, आणि हात चालला होता.

दोन-तीन वेळा असं झाल्यावर मी दुखत नसताना मुद्दाम एक बेल दिली. बघायचं होतं, खरंच थांबतात का. त्या थांबल्या. का, कशाला, काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "उतरणार आहे का कुणी?" त्या दिवसापासून मी त्यांच्या हातात खांदा सैल सोडायला लागले.

या एका गोष्टीत सगळं आलं असं मला वाटतं. पहिल्या ठिकाणचा विनोद माझं लक्ष उडवण्यासाठी होता, म्हणजे मला कळू न देता काहीतरी करता यावं म्हणून. इथला विनोद कारभार माझ्या हातात देण्यासाठी होता. दोन्हीकडे मी हसलेच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसलं असतं. पण एका हसण्याने खांदा आवळला आणि एकाने सुटला.

यामागचं कारण मॅडमनी पुढे कधीतरी सांगितलं. शेकायची पिशवी ठेवून मशीन लावलं की दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं असतं, तेव्हा त्या ये-जा करत बोलतात. दुखणार असं वाटलं की सांध्याभोवतीचे स्नायू आधीच कडक होतात, पहारा दिल्यासारखे. तो पहारा उठल्याशिवाय हात पुढे नेणं म्हणजे नुसती ओढाताण. हसताना हा ताण क्षणभर कमी होतो. नेदरलँडमधल्या लायडनच्या डॉक्टरांनी १९९९ साली याची मोजणी केली होती. त्यांनी हसणाऱ्या माणसांच्या पायातली एक प्रतिक्षिप्त क्रिया मोजली, तर हसताना ती दबलेली आढळली. आपण हसून हसून हातपाय गळाले म्हणतो, ते त्यांनी यंत्रावर पाहिलं. आणि दुसरं म्हणजे श्वास. हात ताणताना त्या एरवीही "श्वास सोडा" म्हणतातच. हसणं म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी सोडलेला लांब श्वासच असतो. "श्वास सोडा म्हटलं की लोक विचार करून सोडतात," त्या म्हणाल्या, "हसले की आपोआप सुटतो."

पण हसून खांदा बरा होतो असं त्यांनी कधीही म्हटलं नाही, आणि कुणी म्हटलं तर लगेच खोडून काढतात. एकाने त्यांना नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाची गोष्ट सांगितली. त्यांना १९६४ मध्ये सांध्यांचं अवघड दुखणं झालं होतं, आणि दहा मिनिटं पोटभर हसल्यावर दोन तास न दुखता झोप लागते, असं त्यांनी नंतर लिहिलं. मॅडम म्हणाल्या, ती एका माणसाची गोष्ट आहे, त्यांनी दुसरेही उपाय केले होते, त्यावरून आपण व्यायाम सोडायचा नाही. मला घरी करायला दिलेलं असं. पुढे वाकून हात लोंबता सोडून लंबकासारखा हलवायचा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. टॉवेल पाठीमागे धरून चांगल्या हाताने वर ओढायचा. टाळाटाळ केली तर त्यांना मोजमापातून लगेच कळतं, आणि तेव्हा त्या अजिबात हसत नाहीत.

आता दुसऱ्या पेशंटशी त्या कशा बोलतात ते. मला यात फार रस वाटला, कारण हे माझ्या धंद्याचं आहे. समोरचा माणूस बघून बोलणं.

पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार गुडघ्याचं ऑपरेशन करून आले होते. रोज एकच प्रश्न, कधी वाकणार? मॅडम म्हणाल्या, "दादा, ऑक्टोबर छाटणी केली की पंधरा दिवसांत माल काढता का?" ते म्हणाले, "नाही ना, चार महिने तरी जातात." "मग गुडघ्याला काय व्यापारी उभाय का दारात?" बागायतदार एवढे हसले की टेबल हललं. पुढच्या वेळी त्यांनी दाखवलं, घरी भिंतीवर फवारणीचं वेळापत्रक लावतात ना, तसं त्यांनी व्यायामाचं लावलं होतं, आणि झालं की त्यावर खूण करत होते. चार महिने थांबायचं असतं हे त्यांना बागेतून माहीत होतंच, गुडघ्याला ते लागू आहे हे मात्र त्या विनोदाने कळलं. भाषण देऊन कळलं नसतं. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं म्हणे, पण ते त्यांच्या कानावरून गेलं होतं.

नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका मानेसाठी येतात आणि हमखास पाचशेची नोट पुढे करतात. "काका, जन्मभर तुम्हीच छापल्यात, आता सुट्टे मी शोधायचे?" हे रोजचं ठरलेलं आहे. हे वाक्य ऐकल्याशिवाय काका पाकीटच काढत नाहीत.

सगळ्यात मला आवडला तो सात-आठ वर्षांचा मुलगा. कोपराचं प्लास्टर निघालं होतं, हात सरळ होत नव्हता, आणि हात लावायच्या आधीच रडायला लागायचा. मॅडमनी त्याला दहा वेळा कोपर सरळ करायला सांगितलं आणि स्वतः मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन, सात..." मुलगा रडता रडता थांबला. "चार!" "अरे हो, चार. पाच, सहा, दोन..." "सात!" तो ओरडला. मॅडमनी कपाळावर हात मारला, "मला गणित येत नाही रे, परत पहिल्यापासून घेऊ." त्याने परत पहिल्यापासून केलं. मग आणखी एकदा. दहाच्या जागी पुष्कळ झालं, आणि शेवटी तोच मोठ्याने मोजत होता, चूक होऊ नये म्हणून. त्याची आई तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळेही पुसत होती. हे खिदळणं आहे असं ज्याला वाटतं, त्याने तेवढ्या रडणाऱ्या पोराकडून ते एरवी करून घेऊन दाखवावं.

ही युक्ती मी उचलली आहे. वणीच्या गाडीत एक पोरगं दिंडोरीपासून भोकाड पसरून होतं. मी तिकिटं मोजायचं सोंग करून मोठ्याने चुकीचे आकडे म्हणायला लागले. दोन सीट पुढे गेले असेन, तोवर ते मला दुरुस्त करत होतं.

मॅडम कधी हसवत नाहीत, तेही सांगायला हवं. टेबलांच्या मध्ये नुसते पडदे आहेत, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. एक दिवस पलीकडे एक तरुण बाई होती. छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तिचा हात वर जात नव्हता. त्या दिवशी मॅडमचा आवाज मला ओळखूच आला नाही. हळू, थोडं, आणि फक्त हाताबद्दल. एकही गमतीचा शब्द नाही. पुढच्या वेळीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग एकदा ती बाई भिंतीवरच्या लाकडी शिडीवर बोटं चढवत होती. छोटी खाचांची पट्टी असते ती, रोज एक खाच वर जायचं. ती आपल्याच बोटांकडे बघत म्हणाली, "निदान ही तरी मला विचारून चढतायत. बाकी सगळं मला न विचारताच झालं." क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मॅडम हसल्या, मग ती हसली, मग आम्ही सगळे. त्यानंतरच मॅडम तिच्याशी चेष्टेने बोलायला लागल्या. दार तिने उघडल्यावर. हे मी तिला विचारून लिहिते आहे.

आणि त्या कंबरवाल्या काकांचं काय झालं? मॅडमच्या कानावर त्यांचं बोलणं गेलंच होतं. त्यांनी काकांशी अगदी नेमकं, कामापुरतं बोलायला सुरुवात केली. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "त्यांना नको असेल तर नको. कंबर तर त्यांचीही बरी करायचीय." काका येतात, व्यायाम करतात, शांतपणे जातात. हे बघितल्यावर माझी खात्री पटली, की त्या करमणूक म्हणून हसवत नाहीत. ज्याला जे लागतं ते देतात.

बाकावर ओळखी होतात. गुडघ्यांसाठी येणाऱ्या एक निवृत्त संस्कृतच्या शिक्षिका आहेत. त्यांनी सांगितलं, की भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार दिले आहेत. स्मित आणि हसित उत्तम माणसांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. बाईंनी सहाही प्रकार करून दाखवले, गुडघ्यावर शेकपिशवी बांधलेली असताना. स्मितात दातही दिसत नाहीत. अपहसितात डोळ्यांत पाणी येतं, खांदे आणि डोकं हलतं. मी त्यांना म्हटलं, बाई, मग इथे खांद्याचा पेशंट स्मित करून काय करणार? त्याला अपहसितच पाहिजे. प्रतवारीच्या बाबतीत माझं आणि बाईंचं एकमत झालं नाही. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला जाणारी गाडी मी बघते, दिवसभर शेतात राबून आलेल्या बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात. त्यांना अधम म्हणायला मी तयार नाही. हसण्याची प्रत आवाजावरून ठरवू नये, ते कुणाच्या अंगावर पडतं त्यावरून ठरवावी.

त्याच गडाच्या गाडीतला एक प्रसंग सांगते. खिडकीच्या सीटवर रुमाल टाकलेला, शेजारी एक म्हातारी उभी. रुमालवाला खाली पाण्याची बाटली आणायला गेलेला, आला तो भांडायच्याच तयारीने. लोक दोन्ही बाजूंनी बोलायला लागले, आवाज चढले. मी मशीन पुढे केलं आणि विचारलं, "रुमालाचं हाफ काढू का फुल?" २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मागून एक आजी ओरडली, "रुमाल बाईचा असंल तर हाफ!" अख्खी गाडी हसली. तो माणूसही हसला, रुमाल उचलून खिशात घातला आणि स्वतःच म्हणाला, "बसा आजी." मी नियम सांगून त्याला उठवू शकले असते. पण मग तो हरलेला माणूस म्हणून उभा राहिला असता आणि वणीपर्यंत धुसफुसत राहिला असता. हसण्याचा नेम रुमालावर होता, माणसावर नव्हता, म्हणून त्याला माघार घ्यायला वाट मिळाली. गर्दीत एकट्या बाईला काम करायचं असेल तर अशा वाटा काढता याव्या लागतात. मॅडमच्या टेबलावर मी आडवी पडले तेव्हा मला कळलं की त्याही तेच काम करतात.

हास्यक्लबबद्दल मला इथे बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून लिहिते. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, आणि आता गावोगावी बागांमध्ये लोक सकाळी हात वर करून हसतात. आमच्या कॉलनीतही आहे, सुट्टीच्या दिवशी मी जाते. तिथे विनोद लागत नाही, व्यायाम म्हणून हसायचं आणि थोड्या वेळाने ते खरं होतं. चांगलं आहे. एकट्याने हसण्यापेक्षा सोबतीने हसणं वेगळं, हे तर आहेच. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोकांचं हसणं टिपून ठेवलं, तेव्हा माणूस एकटा असण्यापेक्षा चार माणसांत सुमारे तीस पट जास्त हसतो असं दिसलं, आणि बहुतेक हसणं विनोदावर नव्हे तर साध्या बोलण्यावर येतं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये लोकांना विनोदी कार्यक्रम दाखवले. आधी आणि नंतर हातावर गोठवलेलं आवरण चढवून किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून, कोण किती सोसतं ते पाहिलं. मनापासून हसलेल्यांनी जास्त सोसलं. दुखण्यावर शरीर आतूनच काही द्रव्यं सोडतं, त्याचा हा परिणाम असावा असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर जखडलेल्या खांद्यासाठी बागेतलं हसणं पुरत नाही. तिथे सगळ्यांसाठी एकच हसणं असतं. इथे मला माझ्या बेलचं हसणं मिळालं.

आता कमतरता. लिफ्ट नाही, आणि गुडघ्याच्या पेशंटला तो जिना चढणं म्हणजे शिक्षाच आहे. मॅडमनी तळमजल्यावर जागा घ्यावी, मी त्यांना हे तोंडावर सांगितलं आहे. पडद्यांऐवजी निदान एका टेबलापुरती तरी बंद खोली हवी, सगळी दुखणी सगळ्यांनी ऐकायची नसतात. संध्याकाळी गर्दी होते आणि दिलेली वेळ पाळली जात नाही. गाडी लावायला जागा नाही. आणि एक शिकाऊ मुलगा आहे, मनाचा चांगला, पण मॅडमसारखं बोलायला जातो आणि फसतं. एका आजींना पहिल्याच भेटीत म्हणाला, "आजी, शंभरी मारायचीय ना?" आजींचे यजमान नुकतेच गेले होते. मॅडमनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं ते पडद्यातून ऐकू आलंच. आधी नाव विचार, मग कुठे दुखतं ते विचार, मग घरी कोण असतं ते विचार. चेष्टा त्यानंतर, आणि सुचली नाही तर करू नकोस. तो आता आधी विचारतो, मी पाहिलं आहे.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा जिन्यासाठी कापला. हात आता कानापर्यंत जातो, बेलची दोरी व्यवस्थित पोहोचते, पाठीमागे मात्र अजून थोडा अडकतो, त्याचा टॉवेलचा व्यायाम चालू आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. एका वेळचे तीनशे रुपये घेतात. शुगर असेल तर ताजे रिपोर्ट न्या, एक्स-रे काढलेला असेल तर तोही. शक्यतो सकाळची वेळ घ्या, तेव्हा मॅडम स्वतः जास्त वेळ देतात. काय काम करता ते त्या विचारतील, तेव्हा सविस्तर सांगा, त्यांना त्याचा उपयोग असतो. चेष्टा नको असेल तर तसं पहिल्याच दिवशी सांगून टाका, त्या ऐकतात.